फॉरमॅट मारू नका

दिवाळीची साफसफाई आणि पुनर्विकासाची नोटीस, या दोन गोष्टी ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मुळावर उठल्या आहेत. नौपाड्यात, डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या टिळक चौकाच्या आसपास सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत. पुढची काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तर माळ्यावरचं सामान न्यायचं कुठे? मग जुन्या चादरीत गुंडाळलेला, पिवळट पडलेला सीपीयू खाली येतो. कुणीतरी हौसेनं तो सुरू करून बघतो. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणारी ओळ उमटते. तो पासवर्ड ज्यांनी टाकला ते आजोबा किंवा काका आता हयात नसतात. नातू म्हणतो, ‘लॉक आहे, काही उपयोग नाही.’ दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो.’ आणि शेवटी भंगारवाला वजनावर घेऊन जातो.

माझी कळकळीची विनंती आहे, की यातलं काहीही होऊ देऊ नका. पासवर्ड आठवत नाही हे कॉम्प्युटर टाकून देण्याचं कारण होऊच शकत नाही. त्या काळातली बहुतेक कुलपं उघडतात. भंगारात गेलेली डिस्क मात्र परत येत नाही.

या डब्यांमध्ये असं काय आहे, असं कुणी विचारेल. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्या पिढीनं हातानं लिहिलं. त्या पिढीतल्या कुणाचं टिपण शोधायचं तर वही, फाइल, पत्रांचा गठ्ठा हाती लागण्याची आशा असते. आजची पिढी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिते, त्याच्या प्रती चार ठिकाणी असतात. मधली पिढी अडचणीत सापडली आहे. साधारण १९८८ ते २००५ या काळात ज्यांनी हौसेनं, कर्ज काढून किंवा ऑफिसातून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून कॉम्प्युटर घेतला आणि मराठी टाइप करायला सुरुवात केली, त्यांचं लेखन ना कागदावर आहे ना इंटरनेटवर. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, वाचनालयाचे वार्षिक अहवाल, कुलवृत्तांत, नाटक मंडळाच्या संहिता, कामगार संघटनेची पत्रकं, एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कारखान्याचे हिशेब, घरगुती दिवाळी अंक हे सगळं गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांकडे तयार होत होतं. ट्रेसिंग छापखान्यात गेलं, अंक निघाला, वाटून संपला. मूळ मजकूर डिस्कवर राहिला. त्यातही २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या तळमजल्यांत शिरलं, तेव्हा कितीतरी दुकानांतली यंत्रं चिखलात गेली. जी उरली ती तरी वाचली पाहिजेत.

ठाण्याला तर कुलूपबंद मजकूर उघडण्याची परंपराच आहे. १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ लिपी ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह, त्यामुळे पोथी समोर उघडी असूनही बाहेरच्याला एक शब्द लागत नसे. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा हा आरंभीचा ठेवा, शतकानुशतकं मराठी वाचकाच्या दृष्टिआड राहिला तो यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि आपले भावे यांनी या लिपीची किल्ली मिळवली, पंथातल्या जाणत्या महंतांनीही पुढे पोथ्या मोकळ्या केल्या आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास मुळापासून नव्यानं लिहावा लागला. ‘लिपी कळत नाही, देऊन टाका रद्दीत,’ असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर? सकळ लिपीसाठी जेवढी विद्वत्ता लागली, तिच्या शतांशही ४८६ सारख्या जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काढायला लागत नाही.

हे मी उगाच धीर देण्यासाठी म्हणत नाही. त्या काळातल्या पासवर्डची रचनाच तशी होती. कुलूप दाराला होतं, आतल्या मालाला नव्हतं. सुरू होतानाच जो बायोसचा पासवर्ड विचारला जातो तो मदरबोर्डवरच्या एका छोट्या मेमरीत असतो, आणि ती मेमरी एका सेलवर जगते. सेल काढून ठेवला किंवा त्यासाठी दिलेला जंपर काही क्षण जोडला की पासवर्ड पुसला जातो. काही बायोस कंपन्यांनी तर दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सगळ्या यंत्रांना चालणारे पासवर्डही ठेवले होते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट आली की एस्केपचं बटण दाबायचं, यंत्र सरळ आत घेतं. तो पासवर्ड नेटवर्कसाठी होता, घराच्या राखणीसाठी नव्हताच. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीचं कुलूप जरा बरं, पण नॉर्वेच्या पेटर नॉर्डाल-हागेन यांनी त्यावर उतारा काढून तो सर्वांना फुकट देऊन टाकला. लिनक्सच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचं आणि पासवर्ड रिकामा करायचा. आणि या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणं. डिस्कवरचा मजकूर बहुतेक वेळा उघडाच असतो.

काही अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. २००० नंतरच्या काही लॅपटॉपमध्ये पासवर्ड खुद्द हार्ड डिस्कमध्येच बसवलेला असे. तिथे डिस्क हलवून भागत नाही, ते काम जाणकाराचंच. एक्सपी प्रोफेशनलमध्ये कुणी फायली सांकेतिक करून ठेवल्या असतील तर पासवर्ड रिकामा केल्यावर त्या कायमच्या मिटतात. म्हणूनच घाई नको, आणि डिस्कची जशीच्या तशी प्रत काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

डोंबिवलीजवळच्या एका गावातलं यंत्र मी उघडताना पाहिलं आहे. निवृत्त शिक्षकांचं होतं. ते आगरी बोलीतले शब्द आणि लग्नातली गाणी म्हणजे धवले गोळा करत. ते गाणारी धवलारीण म्हातारी झाली, तिच्या मागे म्हणणारं कुणी नाही, म्हणून एकेका घरी जाऊन त्यांनी ऐकून उतरवून घेतलं आणि घरी येऊन टाइप केलं. ते गेल्यावर यंत्र पासवर्डसकट कोपऱ्यात पडून होतं. कॅबिनेटचे स्क्रू काढले तर आत धुळीचा जाड थर, आणि मदरबोर्डच्या कडेला निळ्या वेष्टनाचा, सुपारीएवढा निकेल-कॅडमियमचा सेल. तो केव्हाच फुटला होता. त्यातून झिरपलेल्या क्षारानं आजूबाजूच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट पापुद्रा धरला होता. आणखी एखाद-दोन पावसाळ्यांत बोर्ड खाऊनच टाकला असता. यंत्र उघडणाऱ्या मुलानं, हो, मुलगाच म्हणतो, कॉलेजात शिकणारा होता, आधी हार्ड डिस्कवरच्या लेबलाचा फोटो काढला. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. कारण त्या जमान्यात हे आकडेही त्याच छोट्या मेमरीत असत. पासवर्ड पुसला की तेही पुसले जातात आणि मग यंत्राला आपलीच डिस्क ओळखता येत नाही. अनेक जण इथेच फसतात आणि ‘डिस्क गेली’ म्हणून मोकळे होतात. यूएसबीचं कन्व्हर्टर इतक्या जुन्या, पाचशे एमबीच्या आतल्या डिस्कना बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून त्यानं एक जुना पेंटियम आणला होता. डिस्क फिरली. यादी आली, आठ-आठ अक्षरांची नावं, तेव्हा त्यापेक्षा लांब नाव देताच येत नसे. धवला१, धवला२, हळद, शब्द_अ, शब्द_क. मास्तरांच्या सूनबाई मागे उभ्या होत्या. ‘हे नाव माझ्या आजेसासूबाईंच्या गाण्याचं,’ म्हणाल्या.

फाइल उघडली आणि पडद्यावर कसलीतरी चिन्हं पसरली. प्रश्नचिन्हं, परदेशी अक्षरांवरचे टिंब, पौंडाची खूण. इथे दुसरं कुलूप लागतं, आणि मराठीच्या बाबतीत खरं कुलूप हेच आहे.

युनिकोड घरोघर पोचण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टची आपापली व्यवस्था होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, शुशा, शिवाजी अशी कितीतरी नावं डीटीपीवाल्यांना आजही पाठ असतील. एका फॉन्टमध्ये ज्या संकेतावर अर्धा ‘क’ बसवलाय, त्याच संकेतावर दुसऱ्यात रफार. पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. फॉन्ट हरवला की मजकूर मुका. वर काही सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय उघडायचीच नाहीत, आणि तो बोटभर डोंगल साफसफाईत सर्वांत आधी फेकला जातो. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर झालेलं काम त्या मानानं सुदैवी. ते इस्की या १९९१ च्या भारतीय मानकानुसार साठवलेलं असतं, त्यामुळे युनिकोडमध्ये जवळजवळ जसंच्या तसं येतं. बाकीच्यांसाठी फॉन्टनिहाय तक्ता लागतो. प्रचलित फॉन्टचे तक्ते तयार आहेत, अप्रचलितांचे करावे लागतात. आणि तक्त्यातून बाहेर पडलेला मजकूर कुणीतरी मराठी नीट येणाऱ्या माणसानं ओळ न् ओळ तपासावा लागतो. आगरी शब्द तर आगरी माणसालाच तपासता येतील. मास्तरांचे धवले त्यांच्याच कपाटात सापडलेल्या फॉन्टच्या फ्लॉपीमुळे वाचता आले. ती फ्लॉपी एका औषधाच्या खोक्यात होती आणि खोकं टाकायला काढलेलं होतं.

एवढं सगळं सांगूनही काही कुलपं अशी उरतात जिथे पासवर्डच हवा. वर्डच्या फाइलला लावलेला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लावलेला, डेटाबेसला लावलेला. तिथे यंत्रापेक्षा माणसं उपयोगी पडतात. नॉर्वेतल्या इवार आसेन भाषा-संस्कृती केंद्राचं उदाहरण आपल्यासाठी फार मोलाचं आहे. रेइदार द्युपेडाल या भाषा-अभ्यासकाच्या हजारो पुस्तकांच्या संग्रहाची सूची त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर होती आणि तिचा पासवर्ड माहीत असलेला माणूस वारला होता. केंद्रानं लपवाछपवी केली नाही. २००२ साली जाहीरपणे सांगितलं, की आम्ही अडलो आहोत, मदत करा. काही तासांत उत्तर आलं. पासवर्ड होता अभ्यासकाचंच आडनाव, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे लिहिलेलं. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्प्सन यांचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये उलगडला, तोही बुद्धिबळातल्या पहिल्या चालीची नोंद निघाला. माणूस पासवर्ड आपल्या जिवाभावाच्या गोष्टीतूनच निवडतो. आपल्याकडे तो मुलीचं घरातलं नाव असेल, मूळ गावाचं नाव असेल, कुलदैवत असेल, स्कूटरचा नंबर असेल. त्या काळी सहा-आठ अक्षरांपलीकडे पासवर्ड सहसा जातही नसे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. काकूंना विचारा, काका कुठल्या नावानं कोणाला हाक मारत. डायरीचं शेवटचं पान, टेलिफोनच्या वहीच्या मुखपृष्ठाची आतली बाजू, ड्रॉवरचा तळ, कीबोर्डची मागची बाजू बघा. आठवतील ती सगळी नावं एका कागदावर लिहा आणि तो कागद सीपीयूवर चिकटवा. आज सत्तरी-ऐंशीत असलेली माणसं गेली की हे विचारायला कुणी उरणार नाही. यंत्र अजून दहा वर्षं टिकेलही, पण त्याबद्दल सांगणारी माणसं तोवर असतीलच असं नाही.

परवानगीचा मुद्दा मी हलका करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वारसांची लेखी संमती घ्यावी, संस्थेचं यंत्र असेल तर कार्यकारिणीचा ठराव घ्यावा. आत खासगी पत्रं, कुणाचे आजार, कुणाचे पैसे निघतील. ते घरच्यांच्या हवाली करून आपण विसरून जायचं. उघडणारा माणूस विश्वासाचा हवा, आणि उघडताना घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.

आता प्रत्येकाकडे माझं काही मागणं आहे.

ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी ते हौसेखातर लगेच प्लगला लावू नये. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुटतात, धूर निघतो, कधी बोर्डही जातो. यंत्र कोरड्या जागी ठेवा. सोबतच्या फ्लॉप्या, सीडी, डोंगल, सॉफ्टवेअरचं खोकं, बिल, काहीही वेगळं करू नका. आपल्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर फ्लॉपीही जाते आणि ड्राइव्हचं हेडही. ती आधी साफ करून घ्यावी लागते. जागाच नसेल आणि यंत्र द्यायचंच असेल तर निदान हार्ड डिस्क काढून घ्या. चार स्क्रू आणि दोन वायरी, बस. डिस्क पुस्तकाएवढ्या जागेत मावते.

दुरुस्तीच्या दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे. गिऱ्हाइकानं जुना डबा आणला की ‘फॉरमॅट मारू का’ हे विचारण्याआधी ‘आत काही ठेवायचंय का’ एवढं विचारा. पाच सेकंदांचा प्रश्न आहे, आणि त्यावर कुणाच्या तरी वीस वर्षांच्या मेहनतीचं भवितव्य ठरतं.

डीटीपी करणाऱ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांनी धंदा बंद केला, काहींनी फ्लेक्सकडे वळवला. तुमच्या जुन्या पेजमेकर फायली म्हणजे या तीन शहरांच्या पंधरा-वीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचं दफ्तर आहे. ते टाकण्याआधी एकदा तरी वाचनालयाला विचारा. कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरत होतात, एवढं एका पानावर लिहून दिलंत तरी पुढच्या माणसाचे महिने वाचतील. फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनाही विनंती आहे, की आपल्या जुन्या, आता विक्रीत नसलेल्या फॉन्टचे संकेत-तक्ते जाहीर करा. त्यातून तुमचं नुकसान काहीच नाही.

नव्वदच्या दशकात हार्डवेअरचे क्लास केलेले, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्रं जोडणारे कितीतरी जण आज पन्नाशी-साठीत आहेत. तुमच्याकडचं ज्ञान बाजाराला नको असेल, या कामाला त्याच्यावाचून पर्याय नाही. जंपर कुठला, केबलची लाल कड कुठल्या बाजूला, हे आजच्या मुलांना माहीत नाही. बांदोडकर, जोशी-बेडेकर, पेंढरकर, बिर्ला या कॉलेजांत मुलं आहेत, शिकायला उत्सुक आहेत. त्यांना सोबत घ्या. निवृत्त मराठी शिक्षकांनो, रूपांतरित मजकूर तपासायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. कॉम्प्युटर न येता करता येण्याजोगं हे काम आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळ खाणारं आहे.

आणि वाचनालयांनो, तुमच्यावाचून हे उभं राहणार नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सव्वाशे वर्षं ओलांडून गेलं. ठाण्यानं २०१० साली आणि डोंबिवलीनं २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. तीन दिवसांच्या उत्सवासाठी जी शहरं एवढी माणसं उभी करतात त्यांना महिन्यातून एका रविवारी एक टेबल मांडणं जड नाही. एक जुना चालू पेंटियम, एक फ्लॉपी ड्राइव्ह, दोन-तीन जाणकार, संमतीपत्राचे छापील फॉर्म आणि एक नोंदवही. लोकांनी यंत्र किंवा नुसती डिस्क घेऊन यावं, समोर बसावं, प्रत काढून घ्यावी. जे सार्वजनिक आहे त्याची एक प्रत वाचनालयात राहील, जे घरचं आहे ते घरी जाईल. याला इमारत लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सभासदांनीही तसं पत्र द्यावं. वार्षिक सभेत उभं राहून विचारावं.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा सीपीयू खाली आला, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. तुमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा आणि सांगा, आमच्याकडे एक बंद कॉम्प्युटर आहे, पासवर्ड माहीत नाही, पण आम्हाला तो उघडायचा आहे.